नजमा फोटो शिकायला गेली

नजमा फोटो काढताना कोणालाही ‘हसा’ म्हणत नसे. समोरचं माणूस हसायला लागलं की ती कॅमेरा खाली घ्यायची आणि म्हणायची, “होऊ द्या तुमचं हसू. मी थांबतो.”

आमच्याकडे बायकाही ‘मी जातो, मी थांबतो’ असंच बोलतात. तर ती थांबायची. समोरचं माणूस आधी ओशाळायचं, मग पदर सारखा करायचं, मग इकडेतिकडे बघायचं, आणि कधीतरी तिला चक्क विसरून जायचं. तेवढ्यात टक्कन बारीकसा आवाज व्हायचा.

“झालं?”

“झालं.”

“अवं, पण मी तं पाहत बी नव्हती!”

“म्हणूनच तं झालं.”

दारव्ह्याला जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. माझ्या वडिलांची गावाबाहेर कपाशीची शेती होती. नजमाचे वडील, युसूफचाचा, त्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. इंजिन बंद पडलं की शेठचा माणूस आमच्याही दारातून हाक मारत जायचा, इतका चाचांवर कारखाना अवलंबून होता. जंगलखात्यातल्या कोणा साहेबाची मोटर चाचांनी एकदा रस्त्यातच दुरुस्त करून दिली होती. पुढे साहेबाची बदली झाली तेव्हा जाता जाता त्याने आपला जुना पेटीसारखा कॅमेरा चाचांच्या हातात ठेवला. चाचांनी तो खोलला, पुसला, पुन्हा जोडला आणि फळीवर ठेवून दिला. त्यांना त्याच्या आतल्या स्प्रिंगेत रस होता, फोटोत नव्हता. फळीवरून तो नजमानं काढला, तेव्हा आम्ही दोघी मॅट्रिकच्या वर्गात होतो.

हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसे. पोटाशी धरून वरच्या इवल्याशा काचेत खाली मान घालून बघावं लागे. त्यामुळे बघणाऱ्याला वाटे, पोरगी लाजून उभी आहे. नजमाला ह्याचा फार फायदा झाला. ओढणी डोक्यावरून घेऊन, मान खाली घालून ती आठवडी बाजारात उभी राहायची. बांगड्या भरणारी बाई, बैलाचे दात मोजणारा म्हातारा, मिरच्यांच्या ढिगाशी शिंकणारा हमाल, कोणालाच कळायचं नाही. बाया उलट म्हणायच्या, “युसूफमिस्त्रीची पोरगी लई गरीब. वरतं डोकं करून पाह्यत नाई.”

गरीब! मी तिच्याशेजारी उभी राहून हसू दाबत असे.

गावात एक फोटो स्टुडिओ होता. तिथे मागे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात कमळं आणि दोन हंस. गावातल्या सगळ्या नवराबायकोंचे फोटो त्या हंसांपुढेच निघाले. नजमाला त्या हंसांचा मनस्वी राग. “दारव्ह्यात हंस कुठून आला सुमे? म्हैस दाखव म्हणा ना मागं. म्हैस काय वाईट दिसते?”

आणि खरोखर तिनं माझ्या आईचा फोटो म्हशीबरोबर काढला. माझ्या मावशीला आईचा फोटो हवा होता, आणि परक्या पुरुषासमोर आई काही बसणार नव्हती. म्हणून नजमाला बोलावलं. आई नऊवारी नेसून, नथ घालून, पाटावर अशी बसली की जणू तिला कोणी शिक्षा केली आहे. नजमा थांबली. आई म्हणाली, “काढ नं वं पोरी, मांडी अखडली माही.” नजमा म्हणाली, “काढतो काकी.” आणि तेवढ्यात मागच्या अंगणात म्हशीनं दावं सोडवून घेतलं आणि वाळत घातलेल्या ज्वारीत तोंड घातलं. आई नथीसकट उठली. एका हातात पदर, दुसऱ्या हातात चुलीतलं लाकूड, आणि तोंडानं म्हशीच्या सात पिढ्यांचा उद्धार. टक्.

फोटो आला तेव्हा आई आठ दिवस नजमाशी बोलली नाही. “मले भांडखोर दाखोलं तिनं.” पण मावशीकडे तो फोटो गेला, आणि मावशीचा निरोप आला की फोटो पाहून रडू आलं, घरी जाऊन आल्यासारखं वाटलं. त्यानंतर आईनं नजमाला वाटीभर गोड शेवया पाठवल्या. बोलली मात्र अजून दोन दिवसांनी.

फोटो धुवायची जागा म्हणजे त्यांच्या घरातली सरकी ठेवायची खोली. खिडकीला गोधडी ठोकायची, कंदिलाच्या काचेला लाल कापड गुंडाळायचं, आणि अॅल्युमिनियमच्या दोन ताटल्यांत औषधाचं पाणी. भर दुपारी त्या खोलीत मी तिच्याबरोबर घामानं निथळत बसलेली आहे. सरकीचा तेलकट वास, औषधाचा आंबट वास. पांढरा कागद पाण्यात पडलेला असायचा, आणि बघता बघता त्यातून आधी केस वर यायचे, मग डोळे. तोंड नेहमी शेवटी यायचं. नजमा त्या वेळी श्वास धरून बसायची. मी काही बोलले तर माझ्या मांडीला चिमटा बसायचा.

एकदा असाच एक कागद दोरीवर वाळत घालताना ती म्हणाली, “सुमे, मी हे शिकाले जाणार.”

“आता अजून काय शिकतं? येते तं तुले.”

“मले काढता येते. कायले काढाचं ते नाई येत.”

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. मला वाटलं, फोटो हौसेला काढायचा, लग्नाला काढायचा. पण तिच्या डोक्यात वर्तमानपत्र होतं. नागपूरचा पेपर दुपारच्या मोटारीनं दारव्ह्याला यायचा. चाचा तो जिनिंगच्या कचेरीतून शिळा झाल्यावर घरी आणायचे, आणि नजमा तो जमिनीवर पसरून फक्त फोटो वाचायची. हो, ‘वाचायची’ हाच तिचा शब्द. एखाद्या फोटोवर बोट ठेवून म्हणायची, “हा पाहा. पूर आला म्हणून लिवलं हाय, अन् फोटो कोणाचा? कलेक्टरचा. मले पूर दाखव ना बापा!”

नागपूरला वृत्तपत्राचं काम शिकवायचा वर्ग निघाला होता. आमच्या हेडमास्तरांनी तिला ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की तिथे पदवी घेतल्याशिवाय घेत नाहीत. तर नजमानं आधी पदवी घ्यायचं ठरवलं. माझ्या वडिलांनी मला यवतमाळला कॉलेजात घातलं ते केवळ ‘युसूफची नजमा सोबतीला आहे’ म्हणून, आणि चाचांनी तिला घातलं ते ‘सुमन सोबतीला आहे’ म्हणून. दोन्ही घरांना आपापल्या पोरीची हमी दुसऱ्याच्या पोरीकडून मिळाली. आम्ही दोघी बी. ए. झालो. मी दारव्ह्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. नजमानं ट्रंक भरायला घेतली.

त्या दिवशीचं त्यांच्या घरातलं बोलणं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, म्हणून मी सरळ जाऊन उंबऱ्यात उभी राहिले. तिची अम्मी, मी तिला चाची म्हणत असे, चुलीपाशी बसून रडत होती. “लोक काय म्हणतीन? पोरीची जात, अन् कॅमेरा घेऊन बाजारात फिरन? कोन करन इच्याशी लग्न?”

चाचा हातावरचं काळं तेल रॉकेलनं पुसत होते. त्यांनी ते काम पुरं केलं. मग म्हणाले, “मशीन हाय ते. मशीन शिकाची तं वर्कशॉपात जाव लागते. मी बी अकोल्याले गेलतो ना?”

“तुम्ही मर्द होते!”

“इंजिनले कुठी मालूम होतं?” चाचा म्हणाले.

चाची रडता रडता हसली, आणि तिथंच ते ठरलं. नागपूरला नजमाची खाला, म्हणजे मावशी, राहत होती. तिच्या घरी राहायचं, आणि बाहेर फोटो काढायला जाताना खालाचा मुलगा हमीद बरोबर असायचा, ही चाचीची अट.

हमीद हा काय प्रकार होता, ते पहिल्या सुटीत नजमा घरी आली तेव्हा कळलं. तिनं वर्गात काढलेले सगळे फोटो आणले होते. इतवारीतला धान्याचा बाजार, स्टेशनवरचे हमाल, विड्या वळणाऱ्या बाया, संत्र्याच्या पेट्या. मी एकेक पाहत गेले आणि मला कळेना की प्रत्येक फोटोत कडेला अर्धी काळी छत्री कशी.

“हमीदभाई,” नजमा म्हणाली. “अम्मीनं त्याले सांगतलं हाय, पोरीच्या दोन हातावर ऱ्हाजो. मी सरकली का तो सरकते.”

वर्गात फोटो शिकवायला एक जुने पेपरवाले येत. बोधनकर सर. बाकीचे मास्तर बातमी, अग्रलेख, कायदा असं शिकवत; फोटोला वर्षातून थोडेच तास होते, आणि मुलांना त्यातही रस नव्हता. बोधनकर सरांनी तिचे फोटो टेबलावर मांडून गंभीरपणे विचारलं होतं, “हे छत्रीवाले गृहस्थ कोण? नागपुरातल्या प्रत्येक बातमीत हजर असतात.” सगळा वर्ग हसला. नजमाही हसली, पण नंतर सर बाजूला घेऊन तिला म्हणाले ते तिनं मला अगदी त्यांच्या आवाजात सांगितलं, “तुम्ही फार थांबता. लग्नाच्या फोटोला थांबणं चालतं. बातमी तुमच्यासाठी थांबणार नाही, बाई.”

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. ते खरं बोलून राह्यले. मी थांबतो, अन् गोष्ट होऊन जाते.” तिच्या आवाजात अशी काही चिंता होती, की तिच्या फोटोंची तारीफ करायची राहूनच गेली.

दुसऱ्या सुटीत, उन्हाळा लागायच्या जरा आधी, जिनिंगला आग लागली.

दुपारची वेळ होती. शनिवारची अर्धी शाळा आटोपून मी घरी आले होते. आधी धूर दिसला नाही, माणसांचा ओरडा ऐकू आला. कापूस पेटतो तेव्हा भडका उडत नाही. तो आतल्या आत धुमसत जातो, आणि मग एकदम सगळीकडूनच पेटतो. लोक पुढच्या फाटकाकडे धावले. नजमा घरातून निघाली ती मागच्या गल्लीनं, मागच्या फाटकाकडे. मी तिच्यामागे. तिच्या हातात कॅमेरा होता हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मागच्या बाजूला कापूस निवडणाऱ्या बाया बसत. त्या फाटकाला कामाच्या वेळी साखळी आणि कुलूप असे. बाया लुगड्यात कापूस लपवून नेतील म्हणून शेठनं लावलेलं. सगळ्या गावाला ते माहीत होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा लोखंडी गजांतून हात बाहेर आले होते. नुसते हात. मागे सगळा धूर. किल्ली मुनीमाकडे होती, आणि मुनीम पुढच्या बाजूला कापसाच्या गाठी बाहेर काढून घेत होता.

चाचा पहार घेऊन धावत आले. त्यांनी पहिला घाव घातला, कुलूप तुटलं नाही. दुसरा घातला. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते मला आठवत नाही. तिसऱ्या वेळी चाचांनी पहार डोक्यावर उचलली तेव्हा माझ्या शेजारी टक्कन आवाज झाला. त्या गदारोळात तो आवाज मला ऐकू आला, हे मला आजही खरं वाटत नाही. पण आला.

कुलूप तुटलं. बाया एकमेकींवर पडत बाहेर आल्या. नजमानं कॅमेरा जमिनीवर टाकला आणि ती बायांना ओढून बाहेर काढायला लागली, मीही. सगळ्यात मागे राहिलेली गिरजाबाई बाहेर आली ती चाचांच्या खांद्यावरून. ती संध्याकाळपर्यंतही राहिली नाही. तिला दोन लहान मुली होत्या.

गावात दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी बोलल्या जाऊ लागल्या. एक, कोणा बाईनं विडी पेटवली असेल. दोन, फाटक उघडंच होतं, बाया घाबरून एका जागी जमल्या आणि चेंगरल्या. तहसीलदारांनी पंचनामा केला तेव्हा ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले, फाटक उघडं होतं. बायासुद्धा तेच म्हणाल्या. त्यांना त्याच जिनिंगमध्ये पुन्हा कामाला जायचं होतं. माझे वडील शेठलाच कापूस घालत. ते घरात म्हणाले, “आपुन त्या भानगडीत पडाचं नाई.” एकट्या युसूफचाचांनी सांगितलं, कुलूप होतं, मी तोडलं. मुनीम म्हणाला, मिस्त्री त्या दिवशी धुरानं बावचळला होता.

आणि तिसरी गोष्ट हळू आवाजात बोलली जात होती: बाया जळून राह्यल्या, अन् मिस्त्रीची पोरगी फोटो काढून राह्यली.

हे विहिरीवर एका बाईनं नजमाच्या तोंडावर म्हटलं. मी बरोबर होते. नजमानं घागर खाली ठेवली. “अब्बाच्या हातात पहार होती, मावशी. माह्या हातात हे होतं,” ती म्हणाली. बाई निघून गेली. पण नजमा घागर न भरताच घरी आली आणि सरकीच्या खोलीत जाऊन बसली. बऱ्याच वेळानं मला म्हणाली, “सुमे, तेवढ्या वेळात मी एका बाईचा हात तरी धरला असता, नाई?”

मी म्हटलं, “फाटक बंद होतं. हात धरून काय झालं असतं?”

“तिले बरं वाटलं असतं,” नजमा म्हणाली.

मुनीम एक दिवस त्यांच्या घरी आला. खाट टाकली, चहा झाला. त्यानं इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि मग म्हणाला, शेठ नवीन इंजिन आणणार आहेत, मोठा मिस्त्री म्हणून युसूफभाईंचंच नाव आहे. पोरीकडे काही रीळबीळ असलं तर देऊन टाका, पोराबाळांचा खेळ, उगाच गावाची बदनामी. चाचा ‘बरं’ म्हणाले. मुनीम गेला.

मी तिथंच चाचीला धान्य निवडू लागत होते. चाचांनी नजमाला समोर बसवलं.

“धुतली का ती रीळ?”

“नाई. मले इथं धुवाची भेव वाटते. बिघडली तं? नागपूरले सरांपाशी धुतो.”

“काय दिसन त्याच्यात?”

“कुलूप दिसन. साखळी दिसन. अन् अब्बा, तुम्ही दिसान. पहार उचललेले.”

चाची म्हणाली, “म्हणजे नौकरी गेली समजा.” तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसता हिशेब मांडत होती.

नजमा म्हणाली, “तुम्ही म्हनान तं मी नाई देत.”

चाचांनी आपल्या तेलकट बोटांकडे पाहिलं. “ते झालं का नाई झालं?”

“झालं.”

“मंग मले कायले विचारून राह्यली?”

नजमा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं नागपूरला गेली. मग काही दिवस काहीच झालं नाही. आणि एका दुपारी पेपरची मोटार आली तेव्हा स्टँडवर एवढी गर्दी झाली की शाळेच्या खिडकीतून मला दिसली. पहिल्याच पानावर फोटो होता. पहार उचललेला माणूस, त्याच्या पाठीमागून दिसणारं कुलूप, आणि गजांतून आलेले हात. त्यातला एक हात हिरव्या बांगड्या भरलेला. पेपरात रंग कुठला असणार. पण ज्यांनी ते पाहिलं होतं त्यांना तो हिरवाच दिसला. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या बातमीदाराकडून’. नजमाचं नाव कुठंच नव्हतं.

पण गावात नाव कोणाला हवं होतं? चौकशी पुन्हा झाली, ह्या वेळी वरचे साहेब आले. आता बाया बोलल्या. एकीनं सांगितलं म्हणून दुसरीनं, आणि मग सगळ्याच. माझे वडील त्या संध्याकाळी पेपर घेऊन बराच वेळ ओसरीवर बसले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, “नजमा कधी येनार हाय?” गिरजाबाईच्या मुलींची सोय शेठला करावी लागली. मागच्या फाटकाची साखळी निघाली ती कायमची निघाली. आणि चाचांना दुसऱ्या एका कारणावरून कामावरून कमी केलं. ते कारण काय होतं हे विचारायलाही चाचा गेले नाहीत.

ते सगळे नागपूरला खालाकडे निघाले तेव्हा पाऊस संपून कापसाचा हंगाम तोंडावर आला होता. मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीनं जायचं, तिथून मोठी गाडी. नजमा त्यांना न्यायला आली होती. माझी आई स्टेशनवर आली. दशम्यांचं गाठोडं चाचीच्या हातात देऊन दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी आणि नजमा जरा लांब, चिंचेखाली उभ्या होतो. वर्ग संपला होता, ती पास झाली होती, सर तिला पेपरात कामाला लावून देणार होते. मी विचारलं, “कॅमेरा देतीन का?”

“आधी प्रुफं तपासाले देतीन म्हणते. मंग पाहू.” ती हसली. मग म्हणाली, “सुमे, तू बी चाल ना नागपूरले.”

चाल ना! जणू बाजारात जायचं आहे. माझं लग्न तेव्हा यवतमाळला ठरत आलं होतं. ते तिलाही माहीत होतं. गाडीनं शिट्टी दिली. ती गाडी इतकी हळू निघायची की माणूस बरोबर चालू शके, आणि मी फलाटाच्या टोकापर्यंत बरोबर चालले. नजमा खिडकीतून बघत होती. आम्ही दोघी काहीतरी बोलत होतो, इंजिनाच्या आवाजात दोघींनाही ऐकू येत नव्हतं, तरी बोलत होतो.

पत्रं येत राहिली. पेपरात तिला वर्षभर प्रुफंच तपासावी लागली. मग महिला मंडळांचे हळदीकुंकू, शाळांची स्नेहसंमेलनं, ‘बाई आहे तर बायकांत जाईल’ म्हणून. तिनं लिहिलं होतं, ‘इतक्या समया मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.’ हमीदभाईचं लग्न झालं आणि छत्री सुटली, तेही लिहिलं होतं. माझं लग्न झालं, मला मुलगा झाला, मुलगी झाली. माझीच पत्रं आधी विरळ झाली की तिची, आता सांगता येत नाही. एकदा नवऱ्याबरोबर नागपूरला गेले तेव्हा मी हट्टानं खालाच्या घरी गेले. चाचा तोवर वारले होते. चाची इतकी वाळली होती की तिला ओळखायला वेळ लागला. ती म्हणाली, नजमा मुंबईला गेली, कोणत्या तरी साप्ताहिकात आहे, गावोगाव फिरते. “लग्न?” मी विचारलं. चाचीनं हात झटकला आणि ती तोंडभर हसली. “तिले फुरसत कुठी हाय!” त्या हसण्यात तक्रार होती की अभिमान, मी परतीच्या सगळ्या वाटेवर विचार करत राहिले.

घरात कधी दुपारी एकटी असले की मला तिची इतकी आठवण येई, की मी उगाच भिंतीकडे बघत राही. यवतमाळच्या घरात त्या भिंतीपलीकडे कोणीच राहत नव्हतं.

त्यानंतर एकदाच मला ती दिसली. पावसानं दगा दिला होता ते वर्ष. यवतमाळला मैदानावर मोठी सभा होती, मुंबईहून कोणी मंत्री येणार होते, आणि मी आता तिथं शिकवत होते त्या शाळेच्या आम्ही बायका मिळून गेलो होतो. बायकांची बाजू दोर लावून वेगळी केली होती. खेड्याखेड्यांतून बाया आल्या होत्या, कडेवर पोरं, डोक्यावर पदर, काही जणी उन्हातच जमिनीवर निजलेल्या. माझी मुलगी माझ्या कडेवर पेंगत होती. मंत्री बोलत होते. व्यासपीठापुढं पेपरवाले गुडघ्यांवर बसून त्यांचे फोटो काढत होते.

आणि त्यांच्यातलं एक माणूस व्यासपीठाकडे पाठ करून उभं होतं. पांढरी साडी, पायांत पुरुषी चपला, केस आखूड बांधलेले, आणि गळ्यात आता चांगला मोठा कॅमेरा. ती आमच्याकडे बघत होती. आमच्याकडे म्हणजे सगळ्या बायांकडे. ओठ किंचित उघडे, श्वास धरलेला. मी ते तोंड कुठंही ओळखलं असतं.

“नजमा!” मी ओरडले. कर्ण्यातून मंत्र्यांचा आवाज येत होता. मी मुलीला सावरत उभी राहिले आणि हात वर केला. मागच्या बायका म्हणाल्या, “बसा ना हो बाई, दिसून नाई राह्यलं.” मी बसले नाही. पुन्हा हाक मारली. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि आमच्या बाजूला वळवला. क्षणभर ती अगदी माझ्यासमोर होती, मधे फक्त ती काच. मला दिसत होतं तिचं बोट. ते दाबलं गेलं.

मग तिनं कॅमेरा खाली घेतला, रीळ फिरवली आणि ती पुढं निघाली. मी दोराखालून वाकून जायला बघितलं, पोलीस म्हणाला, तिकडं नाही जायचं. मी त्याला सांगत होते की ती आमच्या दारव्ह्याची आहे, माझ्या घराशेजारची आहे. तो म्हणाला, सभा संपू द्या. सभा संपेपर्यंत पेपरवाल्यांची जीप निघून गेली होती. मैदानात धूळ उरली होती आणि बाया पोरांना हाका मारत होत्या.

त्या आठवड्यात मी मिळतील ते सगळे पेपर आणि साप्ताहिकं आणायला लावली. सगळीकडे मंत्री होते. आमच्या बाजूचा फोटो कुठं छापून आला नाही, निदान मला सापडला नाही. पण तो आहे. तिच्या कुठल्या तरी डब्यात, एवढ्याशा पट्टीवर, उन्हात बसलेल्या शेकडो बाया आहेत, आणि त्यांच्या मधोमध एक बाई पेंगणारं पोर कडेवर घेऊन उभी आहे, तोंड उघडं, हात वर. ती कोणाला हाक मारते आहे हे फोटोत कळणार नाही. धुताना नजमाला तरी कळलं असेल का, आधी केस वर आले असतील, मग डोळे.